साठ दिवसांची उधारी आणि गायब झालेला दलाल

स्पेनमधल्या कास्तेयोनच्या फरशी कारखान्यांनी एकेक भट्टी बंद करायला सुरुवात केली तेव्हाच आम्हा ट्रकवाल्यांना कळलं की आता आपली पाळी. 2022 मध्ये गॅस महागला, पुढच्या वर्षी मागणीच आटली. विला-रेआल, ओंदा, ल'आल्कोरा हा सगळा पट्टा फरशीवर जगतो. (पार्किंगमधले स्पॅनिश दोस्त मला म्हणतात, तुमच्या मोरबीवाल्यांना आवरा जरा. फरशी बनवणारं मोरबी गुजरातेत, मी मिरजेचा, पण हे इथे कोणाला समजावणार!)

माझी एकच गाडी, ताडपत्रीचा ट्रेलर. गाडीचा हप्ता, विमा, सामाजिक सुरक्षेचा महिन्याचा भरणा. गाडी उभी राहिली म्हणून यातलं काही थांबत नाही. मग दिवसभर मोबाइलवर भाडी शोधायची. इथे त्या ऑनलाइन बाजाराला बोल्सा दे कार्गास म्हणतात. तिथेच हा दलाल भेटला.

त्याचा भाव बाजारापेक्षा थोडा कमीच होता. जास्त देऊ केला असता तर कोणीही सावध झालं असतं. त्याचं आमिष वेगळं होतं: परतीचं भाडं. बिल्बाओला फरशी टाकायची आणि येताना कागदाची रिळं भरून आणायची, दोन्ही आधीच ठरलेलं. मंदीत रिकामी गाडी पाच-सहाशे किलोमीटर हाकत आणणं म्हणजे जाताना कमावलेलं डिझेलात जाळणं. त्यामुळे परतीचा माल देणारा माणूस देवासारखा वाटतो. माणूस बोलायलाही गोड. गाडी पोचली का, रात्री कुठे लावलीस, जेवलास का, सगळी चौकशी. पहिलं छोटं बिल मुदतीच्या आधी दिलं.

बाकीची बिलं साठ दिवसांनी. यात बेकायदा काहीच नाही. कायद्याने वाहतुकीच्या बिलाला कमाल मुदत साठ दिवसांचीच आहे, आणि 2021 पासून ती ओलांडणाऱ्याला दंडही होतो. पण नीट बघा, या मुदतीत काय होतं. जुनी, स्वच्छ नावाची, बंद पडत आलेली कंपनी कोणीतरी विकत घेतो. तिच्या परवान्यावर कारखान्यांकडून माल उचलतो, तो माझ्यासारख्या एकेकट्या गाडीवाल्यांना वाटतो. कारखान्यांना सांगतो, लवकर पैसे द्या, थोडी सूट देतो. ते देतात. आम्ही मात्र साठ दिवस मोजत गाडी चालवत राहतो आणि पहिल्या मोठ्या बिलाची तारीख येईपर्यंत बरीच बिलं साचलेली असतात. त्या आठवड्यात फोन बंद झाला. ऑफिसच्या पत्त्यावर गेलो तर खाली सलून, वर कोणी नाही.

वर आणखी एक घाव. बिल लावलं की त्यावरचा 21 टक्के ईवा, म्हणजे इथला जीएसटीसारखा कर, तिमाहीला सरकारला भरायचा, पैसे हातात आलेले असोत वा नसोत. तो परत मिळवायचा रस्ता आहे, पण आधी खिशातून गेला तो गेलाच.

नंतर वाहतूकदार संघटनेतल्या बाईंनी संगणकावर दोन गोष्टी दाखवल्या. कंपन्यांच्या नोंदी छापणारं सरकारी गॅझेट, बोर्मे, नेटवर फुकट वाचता येतं. त्यात या कंपनीचा संचालक काही महिन्यांपूर्वीच बदललेला, ऑफिस दुसऱ्या प्रांतात हललेलं. दुसरं म्हणजे वाहतूक मंत्रालयाच्या साइटवर कर क्रमांक टाकला की दलालीचा परवाना चालू आहे का ते दिसतं. परवाना चालू होता, म्हणून नुसता तो बघून भागत नाही. जुनी कंपनी, नवा मालक, आणि एकदम भरपूर भाडी. असं दिसलं तर पहिलं बिल हातात पडेपर्यंत दुसरा माल भरू नका. दलाल फारच घाई करायला लागला तर त्यातच उत्तर मिळालं.

पैसे पूर्ण बुडाले नाहीत, ते 2013 च्या एका तरतुदीमुळे. आक्थिओन दिरेक्ता. दलालाने बुडवलं तर ज्याने प्रत्यक्ष माल वाहिला तो थेट मूळ माल पाठवणाऱ्याकडे भाडं मागू शकतो. त्याने दलालाला आधीच पैसे दिले असले तरी. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये हे पक्कं केलं. कारखानेवाले चिडतात, आम्ही दोनदा का द्यायचं म्हणतात, आणि माणूस म्हणून मला त्यांचं म्हणणं पटतंही. पण फुकटात माल तर माझ्या गाडीतून गेला.

अडचण कागदाची आली. काही बिल्ट्यांवर, म्हणजे कार्ता दे पोर्तेवर, पाठवणारा म्हणून दलालाने स्वतःचंच नाव घातलेलं, कारखान्याचा पत्ताच नाही. जिथे गोदामाचा शिक्का आणि पोच घेणाऱ्याची सही होती त्या भाड्यांचे पैसे सुटले. बाकीची अजून लटकली आहेत. तेव्हा माल भरतानाच मूळ कारखान्याचं नाव कागदावर लिहून घ्या, शिक्का मारून घ्या, गाडी हलवण्याआधी फोटो काढा. गोदामातला मुकादम कटकट करतो, करू दे.

पंधरा हजार युरोपर्यंतच्या दाव्यासाठी कोर्टात जायची गरज नाही. प्रांतातल्या हुंता आर्बित्रालकडे, म्हणजे वाहतुकीच्या लवाद मंडळाकडे, अर्ज द्यायचा, फी नाही, वकील लागत नाही. मुदत मात्र एक वर्षाची. दलाल ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ म्हणत ती खातो, म्हणून ज्यांची बिलं आज अडकली आहेत त्यांनी माल उतरवल्याची तारीख आधी काढा.