जुन्या दगडी देवळाच्या दरजा: सिमेंट की चुना?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या शिवालयासाठी विश्वस्तांकडे दोन कोटेशनं आली होती. एकात ड्रोनने पाहणी, सिमेंटच्या दरजा (म्हणजे दगडांमधले सांधे सिमेंटने भरणं), वरून सिलिकॉनचा हात, आणि गणपतीच्या आत काम खलास. दुसऱ्यात परांची बांधून दगड न् दगड वाजवून बघणं, चुन्याच्या दरजा, आणि काम थेट महाशिवरात्रीपर्यंत. पैसे दुसऱ्याला अर्थातच जास्त. ग्वाल्हेरात तुमच्याही देवळापुढे, समाधीवरच्या छत्रीपुढे हाच पेच असेल तर माझं मत आधीच सांगतो: चुना.

कारण आमच्या सभामंडपातच उभं आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका खांबाच्या दरजा कुणीतरी हौसेने सिमेंटने भरल्या. आज सिमेंटची रेघ जशीच्या तशी, आणि तिच्या दोन्ही बाजूंचा दगड बोटभर आत गेलेला. तळवा फिरवला की रवाळ वाळू हाताला लागते. इथला वालुकाश्म पाणी पितो, आणि प्यालेलं पाणी कुठून तरी बाहेर पडणारच. चुन्याची दरज दगडाहून मऊ, तिच्यातून ते सुकतं, क्षार तिच्यातच साठतात आणि झिजते ती दरज. ती पुन्हा भरता येते. सिमेंट ही वाट बुजवतं, वर स्वतःचे क्षार सोडतं. ते दगडात स्फटिक होऊन फुगतात आणि पापुद्रे सुटतात. सिलिकॉनने पाणी आतच कोंडतं, त्यामुळे तो नकोच.

सिमेंटच्या बाजूने एवढंच, की ते लवकर धरतं आणि कुठलाही गवंडी ते भरतो. चुन्याची कळी विझवून मुरवावी लागते, ओलीच्या जागी सुरखी (भाजक्या विटांची पूड) लागते, ओली गोणपाटं टांगावी लागतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तो सावकाश घट्ट होतो; मे महिन्यात घट्ट होण्याआधीच वाळून भुगा. म्हणून काम दिवाळीनंतरच काढा. आणि मिस्त्री ‘थोड़ा सीमेंट मिला देते हैं, जल्दी पकड़ेगा’ म्हणाला, तर तिथेच थांबवा.

पाहणीचं मात्र एवढं सरळ नाही. शिखराच्या सांध्यात रुजलेला पिंपळ ड्रोनला आमच्यापेक्षा आधी दिसला. पण ड्रोनला ऐकू येत नाही. लाकडी हातोडीने हलकेच ठोकलं की निरोगी दगड खणखणतो, पापुद्रा सुटलेला भद्द वाजतो. दगड एकमेकांना जखडणारे जुने लोखंडी आकडेही जवळूनच कळतात: गंजाचा तपकिरी ओघळ, शेजारी बारीक चीर. गंजलेलं लोखंड फुगून दगड फोडतं. अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घातलेले लोखंडी आकडे याच पायी पुढे काढून टायटॅनियमचे बसवावे लागले. भार पेलणाऱ्या खांबाबद्दल शंका असेल तर अल्ट्रासॉनिक चाचणी (ध्वनिलहरींनी दगडाची आतून तपासणी) करून घ्या; सगळीकडे तिची गरज नाही.

वास्तू केंद्र-संरक्षित असेल तर हा निर्णय तुमचा नाहीच, पुरातत्त्व खात्याचा. तशा वास्तूपासून १०० मीटरच्या आत असाल तर दुरुस्तीलाही आधी परवानगी.

पैसे कमी पडले तर यंदा नुसती पन्हाळी मोकळी करा, पिंपळ मुळासकट काढा आणि जोत्याच्या तेवढ्या दरजा चुन्याने भरा. भेगेवर प्लास्टरने काचपट्टी चिकटवून तारीख टाका. काच तडकली, तर भेग अजून सरकतेय. ती नुसती बुजवण्यात पैसे घालू नका. गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरची आमची काच एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढून अजून शाबूत आहे.