रिकामा कॅट ८९० डॉलरला: कॅलिफोर्नियात घरी एक्झॉस्ट बदलणाऱ्यांनी हे वाचाच

गाडीचा कॅट, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, घेण्याच्या नादात माझे १,५२३ डॉलर ९३ सेंट गेले आणि ते आता परत येणार नाहीत, हे मला कळून चुकलंय. तरी लिहितोय, कारण ज्या माणसाने मला गंडवलं तो अजून बे एरियातल्या मराठी लोकांतच वावरतोय आणि त्याच्या तोंडचं "दादा" ऐकून पुढचा कोणीतरी विरघळणार आहे. सांगायला लाज वाटते. ऑफिसात कोणाला बोललो नाही, साताऱ्याला घरी तर नाहीच नाही. पण गप्प बसलो तर त्याचंच फावतं.

गाडी १९९६ ची मझदा मिआटा, १.८ लिटर, दोन माणसांची. बरीच वर्षं माझ्याकडे आहे. ब्रेक, क्लच, टायमिंग बेल्ट, सगळं मी घरच्या गॅरेजमध्ये स्वतः करत आलोय, त्यामुळे "येत नव्हतं तर कशाला हात घातला" असं कोणी म्हणू नये. यंदा स्मॉगला, म्हणजे रजिस्ट्रेशनसाठी लागणाऱ्या धुराच्या चाचणीला, गाडी फेल झाली. कोड पी ०४२०, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम करेनासा झालेला. १९९९ पर्यंतच्या गाड्या आपल्याकडे अजून रोलरवर चढवतात, ताशी १५ आणि २५ मैलांवर धूर मोजतात. तिथेही आकडे बाहेर. मफलर तसाही गंजून भोकं पडलेला होता, म्हणून ठरवलं की कॅटपासून मागचं सगळं एकदाच बदलून टाकू. गॅरेजवाल्याने मजुरीसकट १,९५० डॉलर सांगितले. चार नट आणि रबराचे हँगर काढून नवे लावायचे, त्याला एवढे पैसे का द्यायचे? मला आजही तो निर्णय बरोबर वाटतो. बदलायचं काम घरी करण्यात काहीच वावगं नाही. घोळ सामान कोणाकडून घेतलं, तिथे झाला.

आपल्या लोकांच्या एका ग्रुपवर मी विचारलं: ९६ ची मिआटा आहे, पी ०४२० मुळे स्मॉग फेल झाली, कॅलिफोर्नियात चालणारा कॅट कोणाकडे आहे का, रजिस्ट्रेशन महिनाअखेरीला संपतंय. ते वाक्य आज वाचतो तेव्हा अंगाची लाही होते. कोणती गाडी, कोणता पार्ट, किती घाई, सगळं मीच चोराच्या हातात दिलं होतं. स्मॉगची तारीख कधीही, कुठेही लिहू नका. गाडीचं नाव लिहा, बाकी काही नको.

तासाभरात मेसेज आला, शुद्ध मराठीत. "दादा, माझ्या मित्राने मिआटासाठी नवीन घेतला होता, लावायच्या आत गाडी विकली. सील पण तोडलेलं नाही." सोबत स्टेनलेसचा आख्खा कॅट-बॅक, म्हणजे मधला पाइप आणि मफलर. कॅटचे ८९०, कॅट-बॅकचे ४५०, एकूण १,३४०. आता इथेच कोणी म्हणेल की स्वस्त बघून भुललास. स्वस्त नव्हतंच ते. फुकटात देतोय असं वाटलं असतं तर मी लगेच सावध झालो असतो. बाजारभावाच्या जरा खाली, एवढाच भाव त्याने लावला होता, आणि असल्या धंद्यातले लोक तेवढाच लावतात.

मी नंबरही तपासला. कॅलिफोर्नियाच्या कॅटवर राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा ईओ नंबर, म्हणजे मंजुरीचा नंबर, लागतो हे इथे गाडीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. त्याने कॅटवरच्या पाटीचा फोटो पाठवला, मी बोर्डाच्या साइटवर नंबर टाकला, नंबर खरा निघाला आणि माझ्या वर्षाच्या, माझ्या इंजिनच्या मिआटालाही लागू निघाला. यापलीकडे एखाद्या माणसाने घरबसल्या काय करायचं? पण ते नंबर सगळ्या जगाला दिसतात. कोणीही उचलावा आणि पत्र्यावर कोरावा. नंबर खरा असला म्हणून पार्ट खरा ठरत नाही. पाटीवर ईओ नंबरासोबत पार्ट नंबर आणि बनवल्याची तारीखही असावी लागते. फोटोत तारखेच्या जागी प्रकाश पडून पांढरा डाग आला होता. तो डाग आपोआप पडलेला नव्हता, हे आज मी छातीठोकपणे सांगतो.

"खूप जण मागतायत" म्हणून ३०० डॉलर आधी मागितले. बँकेच्या ॲपवरून पाठवताना खातेदाराचं नाव भलतंच दिसलं, कुठल्यातरी क्लीनिंग कंपनीचं. विचारलं, तर "बायकोच्या धंद्याचं खातं आहे, दादा". आपल्याकडे बायकोच्या नावावर धंदा असणं यात नवल काय? पाठवले.

आणि आता ती संध्याकाळ. ती डोक्यातून जात नाही. एका शॉपिंग सेंटरच्या मागच्या पार्किंगमध्ये, अंधार पडल्यावर भेटलो. तिशीचा पोरगा, नीटनेटका, वाकून नमस्कार केलान. डिकीत खोका. कॅट बाहेर काढला तर दोन्ही तोंडांवर काळी प्लास्टिकची टोपणं आणि त्यावर चांदीरंगाची टेप गुंडाळलेली. मी टोपणाला हात घातला तसा तो म्हणाला, "दादा, टेप काढू नका, टेप फुटली की कंपनी वॉरंटी देत नाही."

या वाक्यावर मी थांबायला हवं होतं. कॅलिफोर्नियाच्या कॅटची वॉरंटी पाच वर्षं किंवा ५०,००० मैल असते, हे मला पाठ आहे. ती गाडीला बसवलेल्या कॅटवर असते. बसवायचा तर टोपण काढावंच लागणार, मग टेपवर वॉरंटी कशी असेल? हे समजायला इंजिनिअर असावं लागत नाही, आणि मी तर इंजिनिअर आहे. खिशात फोन होता, फोनला टॉर्च होता. एका तोंडातून उजेड मारला असता तर आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी दिसायला हवी होती, आणि ती दिसली नसती. दहा सेकंदांचं काम. पण तो घरचं विचारत होता, साताऱ्याचा म्हटल्यावर कास पठाराच्या गप्पा काढल्या, मागे कोणीतरी गाडीत बसून त्याला हाक मारत होतं, आणि समोर आपल्या भाषेत बोलणाऱ्या पोराचं सामान चोरासारखं तपासायचं हे मला जमलं नाही. वजनही हाताला बरोबर लागत होतं. उरलेले १,०४० तिथेच पाठवले. तो गेला.

कोणी टोपण काढू देत नसेल तर बोलणं तिथेच थांबवा. भाऊ म्हणो, दादा म्हणो, काका म्हणो.

बसवायच्या कामाबद्दल फार लिहीत नाही, ते करणाऱ्यांना ठाऊक असतं. चारही बाजूंनी स्टँड, आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारं तेल, जुना ऑक्सिजन सेन्सर काढायला खाचेचा सॉकेट. गास्केट, नट, हँगर यांचे ६४.१८ डॉलर झाले. मधल्या पाइपच्या फ्लँजची भोकं जुळेनात, कानस मारून जुळवली. तेव्हाही वाटलं की बाहेरचं सामान असतं असं कधीकधी. मग गाडी चालू केली आणि कॅटवरून पांढरा धूर आणि रंग जळाल्याचा वास यायला लागला. नव्या एक्झॉस्टला पहिल्यांदा धूर येतोच, त्यावर तेल असतं, कोणालाही विचारा. पण धूर थांबल्यावर खाली वाकून पाहिलं तेव्हा चंदेरी रंगाचे पोपडे निघालेले आणि त्याखाली डब्याच्या एका टोकाला गोल फिरलेली वेल्डिंगची दुसरी रेघ, ग्राइंडरने घासून सपाट केलेली. कारखान्यातून आलेल्या डब्याला ती असायचं कारण नाही. कोणीतरी तो कापून उघडला होता आणि परत बंद केला होता.

तरी मनाची समजूत घालत स्मॉगला नेली. ६९.७५ डॉलर. स्टेशनवाल्याने आरसा घालून पाटी बघितली आणि मला खाली बोलावलं. पाटी नंतर चिकटवलेली, तारीख नाही. वरून रोलरवर आकडे जुन्या कॅटपेक्षा वाईट. घरी येऊन काढला, ग्राइंडरने कापला. आत स्टील वूल, भांडी घासायची असते तसली, कोंबलेली. जाळीचा तुकडासुद्धा नाही.

आतली जाळी कुठे गेली हे सांगायला नको. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम त्या जाळीवर असतं, त्यासाठीच तर आपल्या गल्लीतल्या प्रियसचे कॅट रातोरात कापून नेतात. म्हणजे आतला माल भंगारवाल्याला विकायचा आणि रिकामा डबा रंगवून माझ्यासारख्याला. एका वस्तूचे दोनदा पैसे. आणि "३०४ स्टेनलेस" म्हणून दिलेला मफलर? चुंबक खटकन चिकटला. ३०४ ला चुंबक जवळजवळ लागतच नाही. पहिल्याच पावसात वेल्डिंगवर तांबूस गंज आलाय. चुंबक खिशात ठेवूनच घराबाहेर पडा.

आता ज्यांनी मदत करायची त्यांच्याबद्दल.

पोलिसांत गेलो. काउंटरवरच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, हा दिवाणी मामला आहे. खोटी पाटी लावून, उचललेला नंबर कोरून, रिकामा डबा विकला, हा दिवाणी मामला? मी फोटो दाखवले, कापलेला डबा गाडीत होता तो दाखवायला निघालो. तर मलाच प्रश्न: हा जुना कॅट तुम्ही विकत कसा घेतलात? मालकीचे कागद पाहिलेत का? २०२३ पासून वापरलेला कॅट कोणाकडूनही उचलून घेता येत नाही हे मलाही माहीत आहे, वापरलेला कॅट गाडीला लावायला तर इथे २००८ पासूनच बंदी आहे. अहो, म्हणूनच तर मी नवा, सीलबंद म्हणून घेतला! फसलेला मी, आणि उलटतपासणी माझी. शेवटी ऑनलाइन अर्ज भरा म्हणाले. भरला, नंबर मिळाला, त्यापुढे एक फोन नाही.

बँक त्याहून पुढची. त्यांचं म्हणणं, पैसे तुमच्या फोनवरून, तुमच्या पासवर्डने, तुम्ही स्वतः पाठवलेत. १९७८ चा जो फेडरल कायदा आहे तो परवानगीशिवाय पैसे गेले तर संरक्षण देतो. तुम्हाला फसवून परवानगी घेतली असेल तर बँक हात वर करते. मी म्हटलं, निदान ते क्लीनिंग कंपनीचं खातं कोणाचं आहे एवढं तरी सांगा. तर ग्राहकाची गोपनीयता. चोराची गोपनीयता सांभाळतात आणि माझी तक्रार दोन ओळींच्या पत्राने बंद करतात. क्रेडिट कार्डाने दिले असते तर निदान वाद घालता आला असता. ज्याला कार्ड चालत नाही त्याच्याकडून शंभर डॉलरच्या वरचं काही घेऊ नका.

ज्या साइटवर त्याचं प्रोफाइल होतं तिथे तक्रार केली. उत्तर: आमच्या नियमांचा भंग आढळला नाही. दुसऱ्या दिवशी प्रोफाइलच गायब, सगळे मेसेज "युझर उपलब्ध नाही" म्हणून. नशीब, मी स्क्रीनशॉट आधी काढले होते. फसल्याचा संशय आला की भांडण करायच्या आधी स्क्रीनशॉट काढा, भांडलात की तो ब्लॉक करतो. इथल्या केंद्र सरकारच्या सायबर पोर्टलवरही तक्रार भरली; पोच आली, बस्स. स्मॉगवर देखरेख करणाऱ्यांना फोन केला तर ते म्हणाले, आम्ही लायसन्सवाल्या दुकानांचं बघतो, खासगी माणसाचं नाही. प्रत्येकजण दुसऱ्याचा नंबर देतो, आणि दुसऱ्याकडे गेलं की तो पहिल्याचा देतो. या सगळ्यात कामाचे किती तास गेले ते मी मोजलेही नाहीत.

ग्रुपचे अॅडमिन आपलीच माणसं. त्यांना म्हटलं, निदान इशारा तरी टाका. "आपल्याच माणसाची बदनामी कशाला, पुरावा आहे का" म्हणाले. कापलेल्या डब्याचा फोटो पाठवला. वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. याचा राग मला पोलिसांपेक्षा जास्त आहे.

स्मॉल क्लेम्स कोर्ट उरलं. १,५०० पर्यंतच्या दाव्याला ३० डॉलर फी, त्याच्यावर ५,००० पर्यंत ५०. पैशांचा प्रश्नच नाही. पण समन्स बजावायला खरं नाव आणि पत्ता हवा, आणि माझ्याकडे एक खोटं आडनाव आणि बंद पडलेला फोन नंबर आहे. त्याच्या गाडीची नंबरप्लेट मी बघितली होती, लिहून घेतली नाही. तुम्ही घ्या. पार्किंगमध्ये भेटलात की आधी प्लेटचा फोटो.

दरम्यान डीएमव्हीची, म्हणजे इथल्या आरटीओची, रजिस्ट्रेशन फी भरलेली असूनही प्लेटवर लावायचं स्टिकर नाही. ५० डॉलर भरून ६० दिवसांचा तात्पुरता परवाना काढला. स्मॉग फेल झालेल्या गाडीला तो मिळतो, फी आधी भरलेली हवी, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मग दुकानातून, बिलासकट, १,१८६.५० ला खरा कॅट आणला. काउंटरवरच खोका उघडायला लावला आणि टॉर्च मारून जाळी बघितली. दुकानदार काही बोलला नाही. बसवला, गाडी पास झाली.

तो पोरगा प्रोफाइल बदलून परत येईल. मिआटा, एस-२०००, जुनी सेलिका, ज्यांचे खरे पार्ट महाग आणि मिळायला अवघड, त्या गाड्यांच्या मालकांना तो गाठेल. सीलबंद खोका, चंदेरी टेप, क्लीनिंग कंपनीच्या नावाचं खातं, हे तीन एकत्र दिसले तर तोच. तुम्हीही फसला असाल तर लाजेपायी गप्प बसू नका, आपल्या गावच्या पोलिसांत तक्रार नोंदवा आणि त्या खात्याचं नाव त्यात लिहाच. माझ्या एकट्याच्या अर्जाला ते दिवाणी म्हणाले. त्याच खात्यावर पाच-सहा अर्ज पडले तर तसं म्हणणं त्यांना जड जाईल.