स्वहस्ताक्षरातलं पत्र की टाइप केलेलं? शास्त्रज्ञांच्या सहीची पत्रं जमवताना

शास्त्रज्ञांची पत्रं जमवणाऱ्याला पहिला पेच पडतो तो हा: लेटरहेडवर टाइप करून खाली सही केलेलं पत्र घ्यावं, की पूर्ण हातानं लिहिलेलं? माझ्याकडे दोन्ही आहेत.

टाइप केलेल्या पत्राची बाजू लंगडी नाही. ते वाचता येतं, संस्था नि तारीख वरच असते. कार्बन प्रत ठेवण्याची रीत असल्यानं मजकूर पडताळताही येतो. आइन्स्टाइन यांच्याकडे १९२८पासून सचिव असलेल्या हेलन डुकास यांनी जपलेली कागदपत्रं आज जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात आहेत. शिवाय आपल्या कोल्हापूरचा पाऊस! एखादा थेंब पडला तर फाउंटन पेनची निळी शाई पसरते, टाइपरायटरच्या रिबनची काळी अक्षरं बहुधा तग धरतात.

तरीही माझं मन उडालं ते सहीच्या संशयानं. पुराव्याला अक्षरं मोजकीच. सहीचा रबरी शिक्का भिंगाखाली कळतो, कारण रेघेत पेनाचा दाब दिसत नाही. पण सचिवानं शास्त्रज्ञाच्या नावानं वर्षानुवर्षं सवयीनं केलेली सही? तिथं भिंगही हात टेकतं. पत्र बाहेर काढावं आणि मजकूर सोडून सहीच न्याहाळत बसावं, असं माझं दर वेळी व्हायचं. त्यात पत्राचा आनंदच गेला.

हातानं लिहिलेल्या पत्रात अख्खं पान साक्ष देतं: ओळींची चाल, खाडाखोड, समासात घुसवलेला शब्द. त्यातही मला पोस्टकार्ड सर्वांत प्रिय. पाकिटं लोक टाकून देतात. कार्डावर टपालाचा शिक्का मजकुरासोबतच राहतो. कोल्हापुरातच १९३८ साली जन्मलेले जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न विचारायला सांगत आणि सहीनिशी उत्तर पाठवत. असं कार्ड समोर आलं, तर त्याच किमतीचं भारदस्त लेटरहेड मी तरी बाजूला ठेवीन.

जपणुकीला फार लागत नाही. आम्लरहित कागद, पॉलिएस्टरचं पाकीट, भिंतीपासून दूर कपाट. लॅमिनेशन मात्र कधीच नको.

अर्थात तुमची आवड वेगळी असू शकते. टाइप केलेलंच घ्यायचं असेल, तर समीकरणं असलेलं शोधा. साध्या टाइपरायटरवर गणिताची चिन्हं नसत, म्हणून ती बऱ्याचदा पेनानं भरलेली असतात. तसं पत्र मिळालं तर मीही घेईन.