गोठ्यासाठी करून घेतलेला लोखंडी खोडा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या गोठ्यात सहा देवणी आणि तीन लालकंधारी जनावरे आहेत. लाळ-खुरकुताची लस टोचायची किंवा कानात बिल्ला मारायचा म्हटले की दरवेळी चार माणसे लागत, म्हणून तालुक्याच्या गावातील एका वेल्डिंगवाल्याकडून 28,000 रुपयांत पाइपचा खोडा, म्हणजे जनावर आत उभे करून मान अडकवायचा सापळा, करून घेतला. जोडकाम पक्के आहे आणि मानेची चौकट एका हाताने बंद होते. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती दोन्ही बाजू उघड्या ठेवल्याची. आमची वानेरा (देवणीचाच एक प्रकार) गाय गावभर मारकी म्हणून ओळखली जाते. ती मात्र पुढे पेंडीचे घमेले ठेवताच खोड्यात शिरली आणि मान अडकल्यावर मुकाट उभी राहिली. उलट, आजवर कोणाला लाथही न मारलेली लालकंधारी कालवड तोंडाशीच थबकली, कान टवकारून जमीन हुंगू लागली आणि मागचा अडसर खणकन पडताच अशी उसळली की तिचे दोन्ही गुडघे सोलून निघाले. मारकी आणि बुजरी यांना आपण एकाच माळेत ओवतो, ती आमचीही चूक होती. गाईचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना असल्यामुळे थेट पाठीमागचा भाग सोडला तर तिला जवळपास चहूकडचे दिसते, आणि माणसाला ऐकू न येणारे तीक्ष्ण आवाजही ती टिपते. त्यामुळे उघड्या पाइपांतून दिसणारी प्रत्येक हालचाल आणि लोखंडाचा प्रत्येक खणखणाट बुजऱ्या जनावराला जाच वाटतो. अमेरिकेतील पशुवर्तनतज्ज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी मांसासाठी पाळलेल्या जनावरांसाठी बंद बाजूंच्या वळणदार वाटा आखल्या, त्या याच कारणाने. तिकडे खोड्यातून सुटलेले जनावर किती वेगाने पळते यावरून त्याचा स्वभावही जोखतात, कारण भेदरट जनावराचे वजन सावकाश वाढते. आपल्याकडे वजनाचा हिशेब नसला तरी घाबरलेली गाय पान्हा चोरते, हे दूध काढणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

आम्ही बाजूंना दुहेरी गोणपाट बांधले, अडसराला टायरची जुनी ट्यूब गुंडाळली आणि गुळगुळीत कोब्यावर टाकीने खाचा पाडल्या. पुढच्या लसीकरणाला तीच कालवड दोन माणसांत उरकली, तेही काठी न उगारता.

रुंदी कमी-जास्त करण्याची सोय नाही, हा दुसरा दोष. मोठ्या गाईला बेताची पडणारी जागा कालवडीला इतकी ऐसपैस होते की ती आतच वळू पाहते. पशुवैद्यकांना मागून तपासणीसाठी आत शिरायला बाजूचे दारही ठेवलेले नाही, म्हणून त्यांना आडव्या दांडीखालून वाकून जावे लागते आणि नेमके तेव्हाच ते गाईच्या लाथेच्या टप्प्यात येतात. खोडा करायला देण्यापूर्वी हे दार आणि बाजूंचे पत्रे मोजमापासह कागदावर लिहून घ्यावेत. आम्ही तोंडी सांगितले होते आणि ते राहून गेले.