झुलीखाली लपवलेली धाप

पेडणे, डिचोली, फोंडा भागात कुणी सध्या घोडी किंवा तट्टू घ्यायच्या विचारात असेल, तर विसार देण्याआधी हे वाचावे. मला निरोगी म्हणून विकलेल्या घोडीला दम्याचा जुना विकार होता आणि विकणाऱ्याला तो पुरेपूर ठाऊक होता.

दलाल घाटावरचा. मेच्या अखेरीस त्याने घोडी दाखवली ती उघड्या माळावर, पुढ्यात हिरवा मका टाकून. अंगावर नक्षीची मोठी झूल. दात पाहिले, वय दहाच्या आसपास. खूर चांगले, चाल सरळ. त्याच्याकडच्या पोराने झुलीवरच बसून तिला दुडकी पळवून दाखवली. झूल काढायला सांगितली तेव्हा "माशांनी बिथरते हो ती," म्हणत त्याने बोलणे किमतीवर नेले. लाखाच्या वर रक्कम रोख घेतली.

पाऊस लागला, घोडी तबेल्यात आली, भाताचा पेंढा सुरू झाला. आधी खाताना नुसता ठसका. मग उभ्या जागी नाकपुड्या फुलू लागल्या, आणि श्वास सोडताना पोट लोहाराच्या भात्यासारखे दोनदा आत ओढले जाई. ताप नाही, खाणे बरे. कुणी सर्दी म्हणाले, कुणी फुप्फुसात पाणी म्हणाले. अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग झाला नाही.

पशुवैद्यांनी तपासून सांगितले ते असे. या आजाराला रिकरंट एअरवे ऑब्स्ट्रक्शन म्हणत. २०१६ पासून तज्ज्ञ याला इक्वाइन अस्थमाचे, म्हणजे घोड्यांच्या दम्याचे, तीव्र रूप मानतात. हा संसर्ग नव्हे. बुरशी धरलेल्या सुक्या चाऱ्यातली बारीक धूळ फुप्फुसात गेली की श्वासनलिका आवळतात, सुजतात, चिकट शेंबडाने भरतात. बहुधा सात वर्षांपुढच्या जनावरात दिसतो आणि जन्मभर सोबत राहतो. पण धूळ टाळली तर शांत राहतो, आणि नेमके हेच दलालाच्या पथ्यावर पडते. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने सूज ओसरते, क्लेनब्युटेरॉलने नलिका सैल होतात. त्यात मोकळी हवा आणि हिरवा चारा असला की धापणारे जनावर काही दिवस ठणठणीत दिसते. आमच्याकडे इंजेक्शनचा अंमल उतरायला आणि पेंढ्याला ओल धरायला एकच गाठ पडली.

फोन केला तर दलाल म्हणाला, "गोव्याची हवा लागली तिला." दमट हवेचे हे कारण कुणालाही पटेल असे आहे, म्हणून सांगतो ते कसे खोटे पडले. बरगड्यांच्या मागे, पोटाच्या बाजूने एक तिरपी खाच दिसते. श्वास बाहेर ढकलून ढकलून तिथला स्नायू जाड होतो, तेव्हा ती उमटते. त्याला महिने लागतात. आमच्याकडे आल्यापासूनच्या थोड्या दिवसांत ती होणारच नव्हती. झूल त्यासाठीच होती. पुढे बेळगावकडचे एक गृहस्थ भेटले. तीच घोडी त्यांनी आधी घेतली होती आणि धाप पाहून याच दलालाला तोटा सोसून परत दिली होती. त्यानंतर दलालाने माझा फोन उचलला नाही. एका मुक्या जिवाला सुया टोचून उभे करायचे आणि त्याचा त्रास दुसऱ्याच्या दारात सोडून जायचे, याची चीड अजून जात नाही.

म्हापशातल्या एका वकिलांनी भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम १७ उघडून दाखवले. त्यातली बहुतेक उदाहरणे घोड्याचीच आहेत! विकणारा खोट माहीत असून नुसता गप्प बसला, तर ती फसवणूक ठरत नाही. पण घेणारा "तुम्ही नाकारले नाही तर घोडा निरोगी आहे असे मी धरीन" असे म्हणाला आणि विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याइतकेच धरले जाते. शिवाय माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणे ही त्याच कलमाखाली फसवणूक आहे. तेव्हा सौद्याआधी हेच वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा.

झूल, खोगीर सगळे उतरवून बाजूने पाहा. सावलीत निवांत उभे असताना श्वास मोजा. मिनिटाला ८ ते १६ हे ठीक. चारा आपला न्या, कोरडा, आणि बंद जागेत तो खाताना जनावराला बराच वेळ ऐका. जमले तर काही दिवस आपल्याकडे ठेवून मगच पूर्ण पैसे द्या. ब्रिटनमध्ये खरेदीपूर्व तपासणीत रक्ताचा नमुना घेऊन सहा महिने जपून ठेवतात, म्हणजे पुढे शंका आली तर औषध दिले होते का ते कळते. आपल्या पशुवैद्यांकडे तशी मागणी करायला काय हरकत आहे?

आमची घोडी आता बहुतेक वेळ बाहेर असते. पेंढा बंद केला, सुके गवत भिजवूनच देतो, तबेल्यात धूळ उडेल असे अंथरूण नाही. स्टेरॉइड डॉक्टर हात राखून देतात, कारण त्याने खुरांच्या आतली सूज, लॅमिनायटिस, होण्याची भीती असते.

नुकतेच घेतलेले जनावर कुणाकडे खोकू लागले असेल, तर पहिले इंजेक्शन देण्याआधी पशुवैद्यांकडून तारखेसह लेखी तपासणी करून घ्या आणि श्वास घेतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. औषध लागू पडले की दाखवायला काही उरत नाही.