शिफ्ट सोलेनॉइडचा फॉल्ट: ओहम मोजावेत की करंट देऊन पाहावं?

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये गिअर बदलायला ऑइलची वाट उघडणारा-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह म्हणजे शिफ्ट सोलेनॉइड. स्कॅनरवर पी०७५३ हा फॉल्ट कोड आला की 'ए' सोलेनॉइडच्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच कळतं. सोलेनॉइडच्या आतली कॉइल (तांब्याच्या तारेचं वेटोळं) गेली की वायर, हे कोड सांगत नाही. ते ठरवण्याआधीच गिअरबॉक्सखालचं पॅन उघडून ऑइल सांडणारे मेकॅनिक काही कमी नाहीत!

मल्टीमीटरचं काम सोपं. इग्निशन बंद, गिअरबॉक्सचा कनेक्टर काढा, पिनवर ओहम बघा. बऱ्याच ऑन-ऑफ सोलेनॉइडना थंड असताना ११ ते १५ ओहम येतात. नक्की आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरा. मीटरवर 'ओएल' म्हणजे कॉइल तुटली, शून्याच्या आसपास म्हणजे शॉर्ट. तांबं तापलं की रोध वाढतो: २० अंशांना १२ ओहम दाखवणारी कॉइल १०० अंशांना १६च्या जवळ जाते. ती खराब नसते.

पण मीटर अगदी नगण्य करंट सोडतो. एका तारेवर लोंबकळणारी वायरही त्याला ठणठणीत वाटते. म्हणून माझं मत दुसऱ्या पद्धतीला. गिअरबॉक्सचा कनेक्टर परत जोडून, गिअरबॉक्स चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा प्लग काढून हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) सोलेनॉइडकडे जाणाऱ्या पिनला फ्यूज लावलेल्या वायरने १२ व्होल्ट द्यायचे, मध्ये अँमीटर. १२ ओहमला साधारण १ अँपिअर यायला हवा, आणि आतून 'टक्' ऐकू यायला हवं. करंट कमी आला तर हार्नेस हलवून बघा. हिरवट पडलेली पिन बहुधा तिथेच सापडते.

प्रेशर कंट्रोलच्या, म्हणजे ऑइलचा दाब कमी-जास्त करणाऱ्या, ५ ओहमवाल्या सोलेनॉइडला मात्र थेट बॅटरी लावू नका, कॉइल जळेल. तिथे ओहमच मोजा.