आठ महिने वापरल्यावर: घड्याळ लपवलंय, मोजणं चालूच आहे

मुलांच्या अभ्यासाच्या या अ‍ॅपमधला वाचून दाखवणारा आवाज, पार्श्वभूमीचे रंग, विषयांची यादी हे सगळ्यांना माहीत आहे, ते पुन्हा सांगत नाही. गेल्या अपडेटनंतर अ‍ॅपने ठरवलेली मुलाची गणिताची पातळी एकदम दोन पायऱ्या खाली आली. त्याचं कारण शोधताना जे हाती लागलं, ते डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) असलेल्या मुलासाठी असं अ‍ॅप घेणाऱ्या प्रत्येकाने तपासून बघावं.

सेटिंगमध्ये ‘टायमर बंद’ आहे. त्याने पडद्यावरचं घड्याळ तेवढं जातं, उत्तराला लागलेला वेळ पातळी ठरवताना धरला जातोच. पडताळा सोपा आहे. नवी प्रोफाइल उघडून सलग 10 उदाहरणं बरोबर सोडवा, पण प्रत्येकाला दीड मिनिट घ्या. मग दुसऱ्या प्रोफाइलवर त्याच पातळीची 10 झटपट सोडवा. पहिलीत पातळी उतरली, दुसरीत चढली. उत्तरं दोन्हीकडे 10 पैकी 10!

‘एका खोक्यात 12 पेन्सिली, अशी 5 खोकी. त्यातल्या 8 वाटल्या, तर किती उरल्या?’ 52 हे उत्तर मुलाला येतं. वेळ जातो तो ‘खोक्यात’ आणि ‘वाटल्या’ मधली जोडाक्षरं सोडवण्यात. अ‍ॅप मात्र हा वेळ गणिताच्या खात्यात टाकतं, एका पायरीच्या बेरजा पुढे करतं, मूल कंटाळून चुकतं आणि पातळी आणखी घसरते. वाचनाची पातळी आणि विषयाची पातळी वेगळी ठेवायलाच हवी. निदान आवाज वाचून संपल्यावर वेळ मोजायला सुरुवात करावी. तक्रारीवर ‘सराव वाढवा’ असं उत्तर आलं. हे उत्तर संतापजनक आहे, कारण दोष मुलाच्या सरावात नाही, मोजणीत आहे.

शुद्धलेखनाचंही तेच. विज्ञानात ‘बाष्पीभवन’ऐवजी ‘बाष्पिभवन’ टाइप केलं की संकल्पनाच चुकली असं धरतात. तिथे बोलून किंवा चित्र ओढून उत्तर देण्याचा पर्याय निवडा. तो आहे, पण प्रत्येक धड्यात नव्याने चालू करावा लागतो.

एक मत बदलतोय. खास डिस्लेक्सियाचा फॉन्ट नाही म्हणून सुरुवातीला दोन तारे कापले होते, ते परत देतो. तळाशी जाड अक्षरं असलेल्या त्या फॉन्टमुळे वाचनाचा वेग वाढतो, असं चाचण्यांत ठामपणे दिसलेलं नाही. उपयोग होतो तो मोकळ्या जागेचा. पण इथे एक खाच आहे: इंग्रजीसाठी सुचवलेलं अक्षरांमधलं अंतर मराठीला लावलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द विखुरलेला दिसतो. म्हणून ते अंतर शून्यावर ठेवा. त्याऐवजी शब्दांमधलं अंतर वाढवा, ओळीची उंची अक्षराच्या किमान दीडपट करा आणि मजकूर डावीकडे जुळवलेला ठेवा. दोन्ही कडा जुळवल्या की शब्दांमध्ये वेडीवाकडी पोकळी पडते.

आवाज उत्तम आहे, पण वेग 0.75 वर नेला की व्यंजनं ताणली जातात आणि ‘भ’ की ‘ब’ हेच कळेनासं होतं. वेग 0.9 ठेवून वाक्यांमधला विराम वाढवलेला बरा.

वर्षभराची वर्गणी एकदम भरू नका, महिन्याची घ्या. पैसे देण्याआधी वरची 10 उदाहरणांची चाचणी मोफत मुदतीतच करा. तोवर शिक्षकांच्या डॅशबोर्डवरून गणिताची पातळी हाताने लॉक करून ठेवा. लॉक दर आठवड्याला आपोआप निघतं, सोमवारी पुन्हा बघा.